प्रिंटकेची ओळ म्हणजे ऑडिट रेकॉर्ड नव्हे

लिनक्स कर्नलच्या ऑडिट कोडवर, म्हणजे कोणी काय केलं याची सुरक्षेसाठी नोंद ठेवणाऱ्या भागावर, पॅच (कोडमधला बदल) आला की रिव्ह्यूत कोणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ द्या, शेवटी लॉगच तर आहे." नाही बाप्पा, नुसता लॉग नाही. प्रिंटके (कर्नलचं साधे संदेश छापणारं फंक्शन) म्हणजे पोह्याच्या ठेल्यावरच्या गप्पा, ऑडिट म्हणजे पंचनामा. घडलेलं दोन्हीकडे सांगितलं जातं, पण ठेल्यावरच्या गप्पा उद्या कोणी पुरावा म्हणून काढत नाही.

प्रिंटके तुम्हाला ठाऊक आहे. महत्त्वाच्या ० ते ७ पातळ्या, रिंग बफर (ठरावीक आकाराची गोल साठवण), तो भरला की जुनं पुसलं जातं. पुढे चला.

ऑडिटचा रेकॉर्ड नेटलिंकवरून (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातला संदेशमार्ग) ऑडिटडी या डीमनकडे, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामकडे, जातो. तो डीमन चालू नसेल तर कर्नल तोच रेकॉर्ड प्रिंटकेकडे ढकलतो आणि डीमेसेजमध्ये (प्रिंटकेचे संदेश दाखवणारी कमांड) 'टाइप=१४००' अशी ओळ दिसते. दोन्ही एकच हा समज तिथूनच सुरू होतो. या आडवाटेवर रेटलिमिट (ठरावीक वेळात किती ओळी छापायच्या याची मर्यादा) आहे, त्यामुळे ओळी गळतात. म्हणून डीमेसेज पाहून 'पॅच तपासला' असं लिहू नका. आधी डीमन चालू करा.

हे किरकोळ झालं. खरी मेख आहे %एसमध्ये, म्हणजे ओळीत मजकूर जसाच्या तसा भरणाऱ्या खुणेत.

प्रिंटकेची ओळ माणूस वाचतो. फाइलच्या नावात एखादं अवतरणचिन्ह आलं तर तो सांभाळून घेतो. ऑडिटचा रेकॉर्ड आधी प्रोग्राम वाचतो, आणि त्याला एवढंच कळतं: स्पेस दिसली की फील्ड संपलं, बरोबरचं चिन्ह दिसलं की डावीकडे नाव, उजवीकडे मूल्य. वर यातली बरीचशी मूल्यं, ज्याच्यावर नजर ठेवायची तोच पुरवतो. फाइलचं नाव त्यानं दिलेलं, प्रोसेसचं नावही त्यानंच ठेवलेलं. पंचनाम्यातल्या दोन ओळी आरोपीच्या शब्दांत घ्याव्या लागतात. त्या घ्या, पण लेखणी त्याच्या हातात देऊ नका.

प्रोसेसचं नाव, म्हणजे 'कॉम' फील्ड, प्रोसेसला स्वतःच बदलता येतं. मर्यादा १५ बाइटची. समजा कोणी नाव ठेवलं: एक्स" एयूआयडी=१०००. मूळ रोमन अक्षरांत हे १२ बाइट होतात, आरामात बसतं. पॅच लिहिणाऱ्यानं ऑडिट_लॉग_फॉरमॅट (रेकॉर्डमध्ये मजकूर लिहिणारं फंक्शन) वापरून अवतरणचिन्हांत %एस टाकलं असेल, तर रेकॉर्डमध्ये उमटेल: कॉम="एक्स" एयूआयडी=१०००". एयूआयडी म्हणजे लॉगिन करणाऱ्याची मूळ ओळख, जी सुडोने दुसऱ्याचे अधिकार घेतल्यावरही बदलत नाही. नेमकी तीच आता आरोपीनं स्वतः लिहून दिली आहे.

यावर उपाय म्हणून ऑडिट_लॉग_अनट्रस्टेडस्ट्रिंग आहे. हे फंक्शन प्रत्येक बाइट पाहतं. ३३ ते १२६ या कोडबाहेरचा एखादा बाइट किंवा दुहेरी अवतरणचिन्ह सापडलं, तर सगळं मूल्य अवतरणाशिवाय हेक्समध्ये (प्रत्येक बाइटमागे दोन सोळा-आधारित अंक) लिहितं. नसेल तर साधं, अवतरणचिन्हांत. स्पेसचा कोड ३२, म्हणून स्पेस आली तरी हेक्सच. मराठी नाव तर कायमच हेक्समध्ये जाणार. 'तर्री' नावाची फाइल बनवा: दिसायला दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये पाच खुणा, प्रत्येकीचे तीन बाइट, म्हणजे १५ बाइट आणि ३० हेक्स अंक. सुरुवात होते ई०ए४ए४ अशी. रेकॉर्डमध्ये अंकांची ही माळ पाहून 'लॉग बिघडला' अशी तक्रार येते. बिघडलेला नसतो. ऑसर्चला, म्हणजे रेकॉर्ड शोधून वाचणाऱ्या साधनाला, 'वजा आय' हा पर्याय द्या, तर्री परत दिसेल.

आता हा घोटाळा रिव्ह्यूत का सुटतो ते पाहा. नाव साधं असेल, रोमन अक्षरांतलं 'टेस्ट१' वगैरे, तर चुकीचा कोड आणि बरोबर कोड अगदी सारखीच ओळ छापतात. दोन्हीकडे नेम="टेस्ट१". पॅचसोबत जोडलेला नमुना बहुतेक असाच असतो. नमुना पाहून मान डोलावू नका, पाच फाइली बनवून चालवा: साधं नाव, मध्ये स्पेस, मध्ये दुहेरी अवतरण, 'तर्री', आणि नुसतं ६१६२, हे मात्र इंग्रजी अंकांत. पाचवी फाइल विसरली जाते. कोडमध्ये अवतरणचिन्हांशिवाय %एस असेल तर वाचणारं साधन ६१६२ ला हेक्स समजतं आणि 'वजा आय'ने पाहिलं की इंग्रजी 'एबी' दाखवतं. अनट्रस्टेडस्ट्रिंग हेच नाव अवतरणचिन्हांत लिहितं, म्हणून ते ६१६२ च राहतं. कच्ची ओळ आणि उलगडलेली ओळ, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

उलटी चूकही होते. अनट्रस्टेडस्ट्रिंग वापरायचं आणि फील्डच्या नावापुढे आपल्या हातानंही अवतरणचिन्ह टाकायचं. मग चिन्हं दुहेरी होतात. फॉरमॅटने फक्त ' नेम=' लिहा आणि बाजूला व्हा. कर्नलचे स्वतःचे ठरलेले शब्द, उदाहरणार्थ ओपी=ॲड_रूल, यांना मात्र हा सोपस्कार नको. फक्त त्यांत स्पेस घालू नका. 'ओपी=' पुढे चार शब्दांचं इंग्रजी वाक्य दिसलं की पॅच तिथूनच परत पाठवावा.

बाकीचं भराभर. नवं फील्ड रेकॉर्डच्या शेवटी. जुन्यांच्या मध्ये घुसवलं की क्रमावर विसंबलेली साधनं अडखळतात. मूल्य नसेल तर फील्ड गाळू नका, प्रश्नचिन्ह लिहा. रेकॉर्ड सुरू करणाऱ्या ऑडिट_लॉग_स्टार्टला संदर्भ म्हणून नल (काहीच नाही) दिलं तर रेकॉर्डला वेगळा क्रमांक मिळतो आणि तो १३०० प्रकारच्या सिस्कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडे केलेली मागणी) रेकॉर्डपासून तुटतो. कोणी केलं हे मग जुळवता येत नाही. सिस्कॉलच्या ओघात असाल तर ऑडिट_कॉन्टेक्स्ट द्या.

आणि स्पिनलॉक (ज्यासाठी इतर कोड जागेवरच ताटकळतो असं कुलूप) धरलेला असताना ऑडिट_लॉग_स्टार्टला जीएफपी_कर्नल (गरज पडल्यास झोपायची मुभा) दिलेलं दिसलं तर थांबा. डीमनकडे जायला थांबलेल्या रेकॉर्डच्या रांगेची मर्यादा मुळात ६४ची. ती ओलांडली की हे फंक्शन जागेसाठी झोपून वाट पाहतं, आणि स्पिनलॉक धरून झोपणं चालत नाही. तिथे जीएफपी_ॲटॉमिक दिलं तर झोपत नाही, पण रांग भरलेली असेल तर रेकॉर्ड हरवतो आणि 'लॉस्ट'चा आकडा एकाने वाढतो. त्यामुळे मी तरी दोन्हींपेक्षा लॉक सोडून मगच रेकॉर्ड लिहायला सांगेन.