नेब्युलस: डोळ्यातलं फूल, पुष्य नक्षत्र आणि आपलं नभ

मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "प्लॅन अजून नेब्युलस आहे", आणि मराठी करताना आपण सरसकट मोघम किंवा संदिग्ध लिहून मोकळे होतो. मला ते कधीच पटलेलं नाही. मोघम बोलणारा बरेचदा मुद्दाम मोघम बोलतो, संदिग्ध म्हटलं की हे खरं का ते अशी शंका असते, पण नेब्युलसमध्ये तसं काही नाही, तिथे वस्तू असते, फक्त तिची कड दिसत नाही.

लॅटिनमध्ये नेब्युला म्हणजे धुकं, विरळ ढग. त्याच घराण्यातला ग्रीक नेफेले म्हणजे ढग, जर्मन नेबेल म्हणजे धुकं, आणि आपला संस्कृत नभस्. हो, आपलं नभच! आज नभ म्हटलं की आपल्याला आकाश दिसतं पण नभस् चा धुकं, ढग असाही अर्थ आहे, आणि महिन्यांची जुनी वैदिक नावं बघितली तर श्रावण म्हणजे नभस् आणि भाद्रपद म्हणजे नभस्य, ऐन पावसाळी ढगांचे दोन महिने. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

इंग्रजीत नेब्युलस आधी साध्या ढगाळ, धुकट याच अर्थाने आला. नेब्युला मात्र 17व्या शतकात डोळ्यासाठी वापरत होते, बुबुळावर जो पांढुरका डाग येतो आणि आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात तो. डोळ्यांचे डॉक्टर अजूनही हा शब्द वापरतात, पण फक्त सगळ्यात फिकट डागासाठी, ज्याच्या आरपार आतलं दिसतं. दाट पांढऱ्या डागाला वेगळं नाव आहे.

पण शब्दाचं खरं आयुष्य गेलं आकाशात. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या यादीत काही ठिपके ढगासारखे म्हणून नोंदवले, त्यातला एक कर्क राशीतला, म्हणजे आपल्या पुष्य नक्षत्रातला. फेब्रुवारीत गावच्या गच्चीवरून मी तो बघते तेव्हा दरवेळी तेच होतं, सरळ बघितलं की नाहीसा होतो आणि नजर जरा बाजूला नेली की पुसट डाग परत उमटतो, आणि साधी बायनॉक्युलर लावली की त्या डागाचे एकदम सुटे सुटे तारे होतात. गॅलिलिओने दुर्बिणीतून हेच बघितलं आणि 1610 मध्ये छापलं, की ढग कसला, हे चाळीसच्या वर तारे आहेत.

मग लोकांना वाटायला लागलं की दुर्बीण मोठी केली की सगळेच नेब्युला, म्हणजे आकाशातले असे ढगाळ डाग, ताऱ्यांत सुटतील. मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने धूमकेतू शोधताना फसवणाऱ्या डागांची यादी केली, 1774 मध्ये 45 आणि 1781 पर्यंत 103, त्यात काय काय एकत्र होतं, तारकागुच्छ, वायूचे ढग, अख्ख्या दीर्घिका म्हणजे गॅलक्सी, सगळ्यांना तेव्हा डाग एवढंच नाव. 1864 मध्ये हगिन्स या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने एका नेब्युलाचा प्रकाश वर्णपटात, म्हणजे सुट्या रंगांत, फोडून बघितला तर ताऱ्यांसारखा सलग रंगीत पट्टा नाहीच, मोजक्या तेजस्वी रेषा, म्हणजे तो खरोखर वायू निघाला. उलट देवयानीचा (अँड्रोमेडाचा) नेब्युला हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने 1923 मध्ये तपासला तर ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका.

नेब्युलसचा पुसट, आकार न आलेला हा लाक्षणिक अर्थ इंग्रजीत रुळला तो 19व्या शतकात, हगिन्सच्याही आधी, म्हणजे हे डाग नक्की काय यावर वाद चालू होता त्याच काळात, आणि मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आपल्याकडे ढगांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. मळभ आभाळात येतं तसं मनावरही येतं, पण तिथे ते उदासी आणतं, अस्पष्टपणा नाही. अस्पष्टपणासाठी आपण धूसर म्हणतो, जो मुळात धुळीच्या रंगाचा.

आणि या घराण्यातला एक शब्द आता घराघरात आलाय, नेब्युलायझर. भाचीला रात्री दम लागला की तिची आई म्हणते "वाफ देते", पण ती वाफ नसते, मास्कला हात लावला तर गार लागतो. कंप्रेसरच्या हवेने औषधाचे बारीक थेंब उडतात आणि ते पांढरं धुकं नाकातोंडातून आत जातं. आठवड्यापूर्वी ती मास्कमधूनच विचारत होती, "ढग आहे का हा?" मी हो म्हटलं.