सव्वीस नोव्हेंबर: एका तारखेची मागची गोष्ट

शाळेच्या परिपाठात उद्देशिका म्हणताना मुलं हमखास एका ठिकाणी अडखळतात. ‘आम्ही, भारताचे लोक’ खणखणीत होतं, न्याय-स्वातंत्र्य-समानता-बंधुता पाठच असतात. पण ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’ आलं की अर्धा वर्ग पुटपुटायला लागतो. त्या ओळीच्या जरा आधी एक तारीख आहे, सव्वीस नोव्हेंबर १९४९. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर ती वर्षानुवर्षं छापून येत होती. केंद्र सरकारने तिला ‘संविधान दिन’ म्हणायला मात्र २०१५ उजाडलं.

इतका उशीर होण्याचं कारण राज्यघटनेतच आहे. संविधान सभेने घटना स्वीकारली २६ नोव्हेंबरला, पण ती पूर्णपणे लागू कधी होणार ते अनुच्छेद ३९४ ने ठरवलं: २६ जानेवारी १९५०. मधले दोन महिने ठेवले ते एक जुनी तारीख गाठण्यासाठी. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला, रावीच्या काठी, काँग्रेसने संपूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि जानेवारीतला शेवटचा रविवार, २६ जानेवारी १९३०, ‘स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळायचं ठरलं. त्या दिवशी गावोगावी लोक जमले, आपापल्या भाषेत प्रतिज्ञा वाचली गेली आणि जमावाने ती उच्चारली. पुढे १९४७ पर्यंत हा क्रम चालू राहिला. स्वातंत्र्य प्रत्यक्षात आलं १५ ऑगस्टला, आणि २६ जानेवारी रिकामी पडली. तिला नवं काम मिळालं ते प्रजासत्ताकाचं.

तरी २६ नोव्हेंबरला काहीच अमलात आलं नाही असं नाही. अनुच्छेद ३९४ स्वतः आणि आणखी १५ अनुच्छेद त्याच दिवशी लागू झाले. कोणते, ते बघण्यासारखं आहे. ५ ते ९ नागरिकत्वाचे, ६० राष्ट्रपतींच्या शपथेचा, ३२४ निवडणूक आयोगाचा. नागरिक कोण, निवडणूक कोण घेणार आणि राष्ट्रपती शपथ काय घेणार, एवढं आधी पक्कं केल्याशिवाय गाडं पुढे सरकणार नव्हतं. आयोग स्थापन झाला २५ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी. आता आपण राष्ट्रीय मतदार दिन पाळतो तो त्याचाच.

संविधान सभेच्या कामाला नक्की किती काळ लागला यावर प्रश्नमंजूषेत दरवर्षी वाद होतो: दोन वर्षं, अकरा महिने आणि १७ दिवस की १८? दोन्ही बरोबर. २५ नोव्हेंबरच्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी १७ मोजले. दुसऱ्या दिवशी घटना मंजूर झाली तेव्हा ते १८ झाले. त्याच भाषणातला इशारा आज नोव्हेंबरात सगळीकडे उद्धृत होतो. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगत जगण्यात आपण शिरणार आहोत, असं ते म्हणाले. गंमत अशी, की त्यांनी तिथे तारीख घेतली ती २६ जानेवारीची.

मग २६ जानेवारीच मोठी होत गेली. १९५० चं पहिलं संचलन दिल्लीत आयर्विन स्टेडियमवर झालं, इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो पाहुणे होते. राजपथावर ते कायमचं आलं १९५५ पासून. झेंडावंदन, प्रभातफेरी, चित्ररथ, घरी येताना जिलेबी. मला ती जिलेबी अजूनही आवडते. पण १९३० ची २६ जानेवारी वाचून साजरी होत होती. नव्या थाटात वाचन मागे पडलं आणि ज्या मजकुराचा हा वाढदिवस तो कपाटात गेला.

तो पुन्हा बाहेर काढला तो आधी वकिलांनी. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या वकिलांच्या संघटनेने, डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या पुढाकाराने, २६ नोव्हेंबर ‘विधी दिन’ म्हणून पाळायला सुरुवात केली. हा सोहळा काळ्या कोटांपुरता राहिला. आंबेडकरी वस्त्यांमध्ये आणि बुद्धविहारांत घटनेविषयीची आस्था होतीच, तिला सरकारी तारखेची वाट बघायची गरज नव्हती.

शाळेपर्यंत ही तारीख आणली ती नागपूरने. २००५ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी जिल्ह्यातल्या शाळांत उद्देशिकेचं वाचन सुरू केलं. त्याला ना निधी लागत होता ना मांडव. पुस्तक मुलांच्या दप्तरात होतंच. २००८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने हा दिवस राज्यभर पाळायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी २६ तारखेच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. तेव्हापासून राज्यात ही तारीख दुहेरी आहे. कुठे आधी हुतात्म्यांना श्रद्धांजली आणि मग उद्देशिका, कुठे उलट. मुंबईबाहेरच्या वर्तमानपत्रांतही बरीच वर्षं पहिलं पान ‘सव्वीस अकरा’चंच असे, संविधान आतल्या पानावर.

केंद्राचा निर्णयही मुंबईशी जोडलेला आहे. ११ ऑक्टोबर २०१५ ला इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं, तेव्हा पंतप्रधान नरेंद्र मोदींनी संविधान दिनाची घोषणा केली. वर्ष बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं होतं. १९ नोव्हेंबरला अधिसूचना निघाली, २६ आणि २७ ला संसदेत खास चर्चा झाली. बोलीतही एक बदल दिसतो. आधीची पिढी ‘घटना’ म्हणायची: घटना समिती, घटनाकार, घटनेची पायमल्ली. आता मोर्चातल्या फलकापासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘संविधान’ आलं आहे.

२०२४ मध्ये पंचाहत्तरी झाली. जुन्या संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, म्हणजे आताच्या संविधान सदनात, सोहळा झाला, नाणं आणि टपाल तिकीट निघालं. मला जास्त लक्षात राहिली ती आदल्या दिवशीची सर्वोच्च न्यायालयातली घडामोड. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले, पण खाली तारीख १९४९ चीच राहिली, हा याचिकाकर्त्यांच्या आक्षेपांपैकी एक. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांनी याचिका फेटाळल्या: घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार उद्देशिकेलाही लागू होतो, आणि मूळ तारखेचा मुद्दा मानला तर तो इतर सगळ्याच दुरुस्त्यांना लावावा लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळांतून मुलांनी ते दोन्ही शब्द वाचले आणि ती जुनी तारीखही. ‘अधिनियमित’पाशी बहुतेक अडखळलीच असतील.