सरकारी इमारतीचे टेंडर तयार करताना: मान्यता, तांत्रिक तपशील, पात्रता आणि कागदपत्रे

सरकारी बांधकामात खाते आणि ठेकेदार यांची जुंपते ती बहुतेक वेळा एकाच कारणावरून. नकाशात एक असते, बाबीच्या वर्णनात दुसरे आणि अटींमध्ये तिसरेच. असे होते कारण मसुदा मागच्या कामाच्या फाईलवरून उचललेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच गगनबावड्याचा मसुदा शिरोळच्या कामाला लावला की वर गावाचे नाव तेवढे बदलते, खाली जमिनीचे तपशील जुनेच राहतात. म्हणून इथे नुसता टप्प्यांचा क्रम न सांगता, मसुदा करताना कुठे थांबून विचार करायचा तेही सांगतो. उदाहरण म्हणून शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात आरोग्य उपकेंद्राची छोटी इमारत बांधायची आहे असे धरू.

आधी मान्यता, मग निविदा

काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे असो, जिल्हा परिषदेचे असो की कोल्हापूर महानगरपालिकेचे, क्रम तोच. प्रशासकीय मान्यता, सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मसुदा निविदेला म्हणजे डीटीपीला मंजुरी, आणि मग निविदा सूचना. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम हवे आहे आणि एवढा खर्च कबूल आहे. तांत्रिक मान्यता म्हणजे आराखडा, परिमाणे आणि दर तपासले, काम या रकमेत बसते. तांत्रिक मान्यता कोणी द्यायची हे कामाच्या रकमेवर ठरते. अधिकाराच्या मर्यादा शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून चालू निर्णयाची प्रत फाईलला लावूनच प्रस्ताव पाठवावा. सविस्तर अंदाजपत्रक मंजूर रकमेच्या बरेच वर गेले तर सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. ती टाळण्यासाठी परिमाणे कागदावर कमी दाखवायची युक्ती अनेकजण करतात. ती पुढे अंगाशी येते, त्याबद्दल खाली.

जागेची कागदपत्रे याच टप्प्यावर लागतात: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव. जमीन गायरान असेल तर ती संबंधित खात्याकडे वर्ग झाल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. शहरालगतच्या ४२ गावांत कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा संबंध येतो, तेही तपासावे. नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर जागा निळ्या रेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आत येते की लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या), हे आधी पाहा.

पन्हाळा किंवा शहरातल्या ब्रह्मपुरी टेकडीसारख्या संरक्षित ठिकाणाजवळचे काम असेल तर पुरातत्त्वाचा कायदा आडवा येतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. पंचगंगेवरचा पर्यायी शिवाजी पूल याच परवानगीपायी अर्धवट लटकला होता, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. परवानगी हातात नसताना काढलेले टेंडर म्हणजे ठेकेदाराला यंत्रसामग्रीसह बसवून ठेवण्याची हमी.

अंदाजपत्रक आणि दर

दर राज्य दरसूचीतून, म्हणजे एसएसआरमधून घ्यायचे. जुने लोक अजून डीएसआर, म्हणजे जिल्हा दरसूचीच म्हणतात. दरसूचीत नसलेल्या बाबीसाठी दरपत्रके मागवून दरविश्लेषण जोडावे लागते. खरी मेहनत लीडच्या, म्हणजे साहित्य किती लांबून आणायचे त्या अंतराच्या तक्त्यात आहे: खडी कोणत्या खाणीतून, मुरूम कुठून, अंतर किती. प्रत्यक्षात चालू असलेली आणि परवाना असलेली खाण धरा. बंद पडलेली जवळची खाण दाखवून अंदाजपत्रक आटोक्यात आणले तर पुढे काम रेंगाळते. गौण खनिजाचे स्वामित्वधन, १ टक्का कामगार उपकर, विमा आणि चाचण्यांचा खर्च यांचे काय धरले ते गोषवाऱ्यात दिसायला हवे. सरकारी बांधकाम कंत्राटावर जुलै २०२२ पासून १८ टक्के जीएसटी आहे. भरायचा दर जीएसटी धरून की वगळून, हे एका वाक्यात आणि एकाच जागी लिहा.

तांत्रिक तपशील: इथे वेळ घालवा

इमारतीसाठी खात्याची प्रमाण विनिर्देश पुस्तिका, रस्ते-पुलांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे विनिर्देश आणि भारतीय मानके हा पाया. त्यांतले सगळे उतरवून काढायचे नसते. संदर्भ द्यायचा आणि या जागेपुरते वेगळे काय, ते लिहायचे. प्रत्येक महत्त्वाच्या बाबीत पाच गोष्टी आल्या पाहिजेत: साहित्य, कामाची पद्धत, चाचणी, मोजमापाची रीत आणि दरात काय काय धरले आहे. यातली शेवटची सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

आपल्या उपकेंद्राचेच बघा. शिरोळची काळी जमीन, पाणी लागले की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चाचणी खड्डे घेऊन, जमिनीची धारणक्षमता काढून, पायाचा प्रकार आधी ठरवला नाही तर टेंडरमध्ये साधा पाया येतो आणि खोदल्यावर कळते की तो चालत नाही. मग खुदाई, मुरूम भरणे, काँक्रीट सगळेच वाढते. बी-१ या टेंडरच्या छापील नमुन्याच्या कलम ३८ नुसार एखाद्या बाबीचे परिमाण टेंडरपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढले की त्या जादा भागाच्या दराचा प्रश्न उभा राहतो. परिमाणे मुद्दाम कमी दाखवली की बिल इथेच फाटते. त्याच खुदाईत पाण्याचा उपसा दरात आहे की वेगळी बाब आहे? उरलेली माती किती अंतरावर टाकायची? हे लिहिले नाही तर पहिल्या चालू बिलालाच पत्रव्यवहार सुरू.

जोत्याच्या उंचीचेही तसेच. ‘जमिनीपासून ६० सेंटिमीटर’ असे पूरग्रस्त गावात लिहून उपयोग नाही. कोणत्या जमिनीपासून? २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आले याच्या खुणा गावात आहेत. त्या खुणेची पातळी कायम संदर्भबिंदूशी जोडून घ्या आणि जोत्याची पातळी त्या आकड्यात नकाशावर द्या.

काँक्रीटबाबत ‘उत्तम प्रतीचे’, ‘प्रभारी अभियंत्याचे समाधान होईल असे’ ही वाक्ये खोडून टाका. समाधान प्रयोगशाळेत तपासता येत नाही. आयएस ४५६ प्रमाणे मध्यम परिस्थितीत उघड्या राहणाऱ्या सलोह काँक्रीटला किमान एम २५ प्रत, घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५० लागते. असे आकडे लिहा. ठोकळ्यांच्या चाचण्या किती, तेही तिथेच आहे: ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, आणि एका नमुन्यात तीन ठोकळे. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला किमान १०. बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट आता मिश्र असते, तरी मसुद्यांत सातच दिवस उतरत राहतात. नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरायची तर आयएस ३८३ चा संदर्भ पुरतो, २०१६ च्या आवृत्तीत तिला जागा आहे. मात्र मिक्स डिझाईन, म्हणजे काँक्रीटच्या घटकांचे प्रमाण, त्याच वाळूवर केलेले हवे, ही अट घाला.

भूकंपाची तरतूद आपल्याकडे नुसती औपचारिकता समजू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जवळच्याच सातारा जिल्ह्यातला. आयएस १८९३ आणि आयएस १३९२० या भूकंपासंबंधीच्या मानकांप्रमाणे सळ्यांचे तपशील नकाशात असावेत, आणि रिंगांचे अंतर व हूकचा कोन मोठ्या स्केलवर काढून दाखवावा. साइटवरचा मिस्त्री मानक वाचत नाही, नकाशा बघतो.

कंपनीचे नाव घालावे का? शक्यतो नाही. मानक क्रमांक, प्रत आणि चाचणी लिहा. नावे द्यावीच लागली तर एकापेक्षा जास्त द्या, पुढे ‘किंवा समतुल्य’ लिहा आणि समतुल्य कोण ठरवणार, कोणत्या चाचणीवर, तेही लिहा. एकाच पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून उचललेला तपशील स्पर्धकांच्या लगेच लक्षात येतो आणि तक्रार थेट वर जाते.

नमुना आणि अटी

छोट्या-मध्यम कामांना बहुधा बी-१ नमुना असतो. यात खात्याच्या दरांवर सरसकट टक्केवारी भरायची, ‘अमुक टक्के बिलो’ (म्हणजे कमी) किंवा जास्त. बी-२ मध्ये बाबवार दर आणि सी नमुन्यात एकरकमी. परिमाणे अनुसूची ब मध्ये येतात. नकाशा, अनुसूची आणि विनिर्देश यांत विसंगती निघाली तर कोणाचे खरे धरायचे, ही प्राधान्यक्रमाची अट शोधा. नसेल तर घाला.

मुदत ‘पावसाळ्यासह’ की ‘पावसाळा वगळून’, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात तालुक्यागणिक वेगळा आहे. शिरोळला जूनमध्ये वरच्या मजल्याचे काम चालू राहू शकते. गगनबावड्यात त्या काळात खडीची गाडीसुद्धा पोहोचेल याची खात्री नाही. मुदत ठरवताना वर्क ऑर्डर कोणत्या महिन्यात निघेल याचा अंदाज घ्यावा. दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत), दंडाची कमाल मर्यादा, भाववाढीचे कलम लागू आहे की नाही, शासकीय विमा निधीकडून घ्यायचा विमा हे बाकीचे मुद्दे ठरीव असतात.

ठेकेदाराची पात्रता आणि कागदपत्रे

पात्रतेच्या अटी कामाला शोभतील एवढ्याच असाव्यात. नोंदणीचा वर्ग, गेल्या काही वर्षांत केलेले तशाच प्रकारचे काम, वार्षिक उलाढाल आणि निविदा क्षमता (हातातली कामे धरून आणखी किती रकमेचे काम पेलेल), एवढ्यावर बहुतेक कामे भागतात. तशाच कामाच्या अनुभवासाठी केंद्रीय दक्षता आयोगाचे जुने प्रमाण प्रसिद्ध आहे: अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामे, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक. राज्याच्या कामाला मात्र आपल्या विभागाचा शासन निर्णय पाहावा. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी छोट्या कामांचे वाटप वेगळे ठरते, तेही विसरू नये.

निविदा क्षमतेचे सूत्र: अ × न × २ − ब. यात अ म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या एखाद्या वर्षातले सर्वाधिक काम, चालू किमतीला आणलेले. न म्हणजे कामाची मुदत वर्षांत. ब म्हणजे त्या मुदतीत हातातल्या कामांचा बोजा. समजा अ ८० लाख, मुदत एक वर्ष, हातात ९० लाखांची कामे. १६० वजा ९०, क्षमता ७० लाख. ७५ लाखांच्या कामाला हा ठेकेदार बसत नाही. गुणक २ असेलच असे नाही, म्हणून आपल्या निविदेतला आकडा बघा. हातातली कामे दडवून ही क्षमता फुगवली जाते. म्हणून चालू कामांचा तक्ता शपथपत्रासह मागवावा.

डांबरी रस्त्याच्या टेंडरमध्ये ‘प्लांट अमुक किलोमीटरच्या आत’ ही अट दिसली की लोक ओरडतात. ओरड नेहमी खरी नसते. डांबरी मिश्रण वाहतुकीत थंड होते, त्यामुळे अंतराला तांत्रिक कारण आहे. पण अंतराचा आकडा तापमानाच्या हिशोबाने आलेला हवा, कोणाचा प्लांट कुठे आहे यावरून नव्हे.

लिफाफा क्रमांक १ मध्ये सहसा लागणारे कागद असे: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी, बयाणा रक्कम भरल्याची पावती किंवा सवलतीचा दाखला, सनदी लेखापालाचे उलाढालीचे प्रमाणपत्र यूडीआयएन क्रमांकासह, पूर्ण केलेल्या कामांचे कार्यकारी अभियंत्याच्या सहीचे दाखले, चालू कामांचा, यंत्रसामग्रीचा आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांचा तक्ता, भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कराची नोंदणी, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, आणि कागदपत्रे खरी असल्याचे शपथपत्र. लिफाफा २ मध्ये फक्त दर. दराचा उल्लेख चुकूनही पहिल्या लिफाफ्यात गेला की निविदा बाद. फार बिलो भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतात. ती कशी मोजायची ते मसुद्यातच द्यावे.

मसुदा बाहेरच्या सल्लागाराने केला तर

खात्याकडे मनुष्यबळ नसले की वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमतात. त्याच्याकडून १९७२ च्या कायद्याखालची वास्तुविशारद परिषदेची नोंदणी, संरचना अभियंत्याची पात्रता व अनुभवाचे दाखले, तशाच कामांचे पूर्णत्व दाखले, पॅन, जीएसटी आणि उलाढाल मागावी. ज्याने मसुदा केला त्याने किंवा त्याच्या नातलग संस्थेने त्याच कामाचे टेंडर भरू नये, ही अट नेमणूक पत्रातच हवी.

पोर्टलवर चढवल्यानंतर

ई-निविदा महाटेंडर्स पोर्टलवर जाते. तिथे अधिकारी आणि ठेकेदार दोघांनाही वर्ग ३ ची डिजिटल सही लागते. वर्ग २ च्या सह्या जानेवारी २०२१ पासून मिळत नाहीत. निविदापूर्व बैठकीतल्या शंकांची उत्तरे तोंडी देऊ नयेत. ती सामायिक बदलांच्या संचात, म्हणजे सीएसडीमध्ये लिहून पोर्टलवर टाकावीत, कारण ती कराराचा भाग होतात. परिमाणात बदल झाला तर शुद्धिपत्रकासोबत बीओक्यूची, म्हणजे परिमाणे आणि दरांच्या तक्त्याची, नवी फाईल चढवावी आणि मुदत पुरेशी वाढवावी.

ठेकेदाराने दर भरण्याआधी शुद्धिपत्रके पाहून शेवटची बीओक्यू फाईल उतरवून घ्यावी. तिचे नाव बदलू नये, रकाने हलवू नयेत. नाव बदललेली फाईल पोर्टल घेत नाही. मुदत संपेपर्यंत भरलेली निविदा बदलून पुन्हा सादर करता येते. मागे घेतली मात्र की त्या कामाला पुन्हा भरता येत नाही. आणि वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, आपल्या मोबाईलची नाही.