ऑब्जेक्टांचा द्विमितीय ॲरे

ज्याच्या प्रत्येक जागेपर्यंत ओळ आणि स्तंभ अशा दोन क्रमांकांनी पोहोचता येते आणि ज्याच्या जागांशी साध्या संख्यांऐवजी एखाद्या क्लासचे (वस्तू घडवण्याच्या साच्याचे) ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेल्या वस्तू) जोडलेले असतात, अशा रचनेला ऑब्जेक्टांचा द्विमितीय ॲरे म्हणतात. बुद्धिबळाचा पट, नाट्यगृहातील आसने, पडद्यावर ओळीने मांडलेली चित्रे किंवा खेळाचा नकाशा ही प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. संख्यांचा द्विमितीय ॲरे शिकून झालेल्या विद्यार्थ्याला हा पुढचा टप्पा किरकोळ वाटतो, कारण लिहिण्याची पद्धत जवळजवळ तीच असते. प्रत्यक्षात येथे दोन स्वतंत्र कामे असतात: जागांची मांडणी करणे आणि त्या जागांसाठी ऑब्जेक्ट निर्माण करणे. अनेक भाषांत पहिले काम केल्याने दुसरे आपोआप होत नाही, आणि नवशिक्यांच्या या विषयातील बहुतेक चुका शोधत गेले तर शेवटी याच फरकापाशी येऊन पोहोचतात.

ॲरे ही कल्पना ऑब्जेक्टपेक्षा जुनी आहे. आयबीएमने १९५७ मध्ये आणलेल्या फोर्ट्रानमध्ये तीन मितींपर्यंतचे ॲरे होते आणि त्यांच्या जागांत थेट संख्या राहत. पुढे नॉर्वेमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेने क्लास आणि ऑब्जेक्ट यांना आजच्या जवळचे रूप दिले. त्या वळणाच्या भाषांत व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट स्वतः नसतो, त्याच्याकडे नेणारा संदर्भ असतो. संदर्भ ठेवायचा म्हटले की कशाकडेच न नेणारा संदर्भही लागतो. टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी असा नल संदर्भ योजला आणि २००९ मध्ये एका परिषदेत त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील ऑब्जेक्टांचा ॲरे हा काटेकोर अर्थाने संदर्भांचा ॲरे असतो: पत्ते लिहिण्यासाठी ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मिळाला म्हणून त्या पत्त्यांवर इमारती उभ्या राहत नाहीत.

‘चौकोन’ नावाचा क्लास आहे आणि जावामध्ये ‘पट = न्यू चौकोन[८][१०]’ असे लिहिले, असे समजू. या एका विधानाने नऊ ॲरे तयार होतात: आठ ओळींचे आठ आणि त्या ओळींचे संदर्भ सांभाळणारा बाहेरचा एक. चौकोन मात्र एकही तयार होत नाही. ऐंशीच्या ऐंशी जागांत नल असतो. हेच विधान पूर्णांकांसाठी लिहिले असते, तर सर्व जागांत शून्य आले असते आणि ॲरे लगेच वापरण्याजोगा झाला असता. पूर्वीचा हा अनुभवच विद्यार्थ्याला फसवतो. तो ‘पट[०][०]’ या पहिल्या जागेवरील (क्रमांक शून्यापासून सुरू होतात) चौकोनाचा रंग बदलू पाहतो आणि नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे नल संदर्भ वापरल्याचा दोष, येऊन प्रोग्रॅम थांबतो. ॲरेची घोषणा तर व्यवस्थित दिसते, म्हणून चूक क्लासमध्ये शोधली जाते, आणि त्यात बराच वेळ जातो. जावाच्या १४व्या आवृत्तीत (२०२०) नेमका कोणता भाग नल होता हे सांगणारा सविस्तर संदेश आला आणि १५व्या आवृत्तीपासून तो आपोआप मिळू लागला. हा संदेश शब्दशः वाचण्याची सवय शिक्षकांनी पहिल्या आठवड्यापासूनच लावावी, इतका तो उपयोगी आहे.

ॲरे भरण्याची रूढ रीत म्हणजे एकात एक असे दोन लूप (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणारे आदेश). बाहेरचा लूप ओळींवरून फिरतो, आतला त्या ओळीतील स्तंभांवरून, आणि आतल्या लूपच्या प्रत्येक फेरीत ‘न्यू’ वापरून एक ताजा ऑब्जेक्ट घडवून ‘पट[ओळ][स्तंभ]’ या जागी ठेवला जातो. कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडला, ओळ आणि स्तंभ यांचे क्रमांक दिले, तर प्रत्येक चौकोनाला स्वतःचे स्थान माहीत राहते आणि पुढे त्याला पडद्यावर काढणे सोपे जाते. लूपच्या मर्यादा म्हणून ८ आणि १० हे आकडे थेट लिहिण्यापेक्षा बाहेरच्या ॲरेची लांबी आणि त्या त्या ओळीची लांबी विचारून घेणे सुरक्षित असते, कारण पटाचा आकार बदलला तरी लूपला हात लावावा लागत नाही.

जावाच्या पाचव्या आवृत्तीने (२००४) आणलेला सुटसुटीत फॉर-लूप या कामाला चालत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ‘ओळीतील प्रत्येक चौकोनासाठी’ असा लूप लिहून आत त्या लूपच्या व्हेरिएबलला नवा ऑब्जेक्ट दिला, तर बदलते ते व्हेरिएबल. ॲरेतील जागा नलच राहते. व्हेरिएबलमध्ये त्या जागेतील संदर्भाची प्रत आलेली असते, जागा स्वतः आलेली नसते. आधीच भरलेल्या ॲरेतील ऑब्जेक्टांना काही काम सांगण्यासाठी मात्र हाच लूप सर्वांत स्वच्छ ठरतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे सर्व जागा भरलेल्या असतात, पण एकाच ऑब्जेक्टने. जावामध्ये प्रत्येक ओळ ‘ॲरेज.फिल’ या पद्धतीने एकाच ‘न्यू चौकोन’ने भरली, तर ‘न्यू’ त्या ओळीसाठी एकदाच चालते आणि तिच्या दहाही जागा एकाच चौकोनाकडे बोट दाखवतात. पायथॉनमध्ये ही चूक अधिक मोहक रूपात भेटते, कारण तेथे ‘[[चौकोन()] * १०] * ८’ इतक्या आटोपशीर शब्दांत पट उभा राहतो. छापून पाहिला तर तो बरोबरच दिसतो. परंतु गुणाकाराने नव्या वस्तू घडत नाहीत, असलेल्या वस्तूचे संदर्भच पुन्हा मांडले जातात. परिणामी या पटात चौकोन एकच असतो आणि ओळही एकच असते. कोणत्याही जागेवरील चौकोनाचा रंग बदलला की ऐंशीही जागा रंग बदलतात. ‘पट[२][३]’ येथे दुसरा, वेगळा चौकोन ठेवला तर तो आठही ओळींत चौथ्या स्तंभात उमटतो. दोन लक्षणे वेगळी आहेत आणि त्यांवरून दोष कोठे आहे हे ओळखता येते: पहिले लक्षण ऑब्जेक्ट सामायिक असल्याचे, दुसरे ओळ सामायिक असल्याचे. संख्यांच्या बाबतीत आतला गुणाकार निरुपद्रवी असतो, कारण पायथॉनमधील संख्येत बदल होऊच शकत नाही, तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते. बाहेरचा गुणाकार तेथेही घातकच असतो. उपाय म्हणजे प्रत्येक जागेसाठी ‘चौकोन()’ पुन्हा चालवणारी लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (लूपसह एकाच विधानात यादी घडवणारी रचना) किंवा साधे दोन लूप.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५च्या मानकाने आणलेल्या ‘फिल’ या पद्धतीला आतला ॲरे दिला की हाच दोष निर्माण होतो. त्याच्या भरीला तेथे आणखी एक खोच आहे. ‘न्यू ॲरे(८)’ याने मिळणाऱ्या जागा निव्वळ रिकाम्या असतात आणि ‘मॅप’ ही प्रत्येक जागेवर फंक्शन चालवणारी पद्धत अशा जागा वगळून पुढे जाते. त्यामुळे तिला दिलेले फंक्शन एकदाही चालत नाही आणि कोणतीही तक्रार न येता ॲरे कोराच राहतो. ‘ॲरे.फ्रॉम’ या पद्धतीला लांबी आणि फंक्शन दिल्यास प्रत्येक जागेसाठी फंक्शन खरोखर चालते.

सी++चा मार्ग मुळातच वेगळा आहे. तेथे ‘चौकोन पट[८][१०]’ अशी घोषणा केली की ऐंशी ऑब्जेक्ट सलग स्मृतीत प्रत्यक्ष तयार होतात आणि प्रत्येकासाठी कन्स्ट्रक्टर चालतो. क्लासला विनाआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर नसेल, तर ही घोषणा कंपाइलच होत नाही. व्हेक्टरच्या (लांबी बदलू शकणाऱ्या ॲरेच्या) व्हेक्टरमध्येही प्रत्येक ओळ प्रत करून ठेवली जाते, म्हणून ओळी सामायिक होत नाहीत; पॉइंटर (ऑब्जेक्टचे स्मृतीतील पत्ते) साठवले की मात्र जावासारखीच काळजी घ्यावी लागते. सी शार्पमध्ये एकसंध आयताकृती ॲरे आणि ॲरेंचा ॲरे असे दोन्ही प्रकार आहेत. तेथे क्लासच्या जागा नलने सुरू होतात, तर स्ट्रक्टच्या (संदर्भाऐवजी थेट मूल्य म्हणून राहणाऱ्या प्रकाराच्या) जागांत मूळ मूल्ये असलेली वस्तूच असते.

जावातील ओळी स्वतंत्र ॲरे असल्याने त्यांची लांबी निराळी ठेवता येते. ‘न्यू चौकोन[८][]’ असे लिहिल्यास ओळीही नल राहतात, आणि पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन अशा जागा देऊन त्रिकोणी मांडणी उभारता येते.

नल ही प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. बुद्धिबळाच्या डावाच्या आरंभी ६४ घरांपैकी ३२ रिकामी असतात, आणि ॲरे सोंगट्यांचा असेल तर त्या ३२ जागांतील नल रिकामेपण अचूक सांगतो. त्याची किंमत अशी की सोंगटीला काही विचारण्यापूर्वी ती आहे का, हे दर वेळी तपासावे लागते. याऐवजी ॲरे घरांचा करून प्रत्येक घरात सोंगटीसाठी एक फील्ड ठेवता येते. मांडणी थोडी लांबते, पण घराचा रंग आणि स्थान यांना हक्काची जागा मिळते. शिकताना ही दुसरी रचना अधिक पेलवते.

प्रत काढतानाही संदर्भांचा प्रश्न परत येतो. गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा, पेशींच्या पटावर चालणारा ‘जीवनाचा खेळ’, जो मार्टिन गार्डनर यांच्या ऑक्टोबर १९७० मधील सदरामुळे प्रसिद्ध झाला, त्यात पुढच्या पिढीतील प्रत्येक पेशी आधीच्या पिढीवरून ठरते, म्हणून जुना पट मोजणी संपेपर्यंत अबाधित हवा. जावामध्ये ‘पट.क्लोन()’ केल्यास केवळ बाहेरचा ॲरे नवा होतो. ओळी आणि पेशी जुन्याच राहतात आणि मोजणी चालू असतानाच जुनी पिढी बदलत जाते. अशा वेळी दोन पट मुळातच वेगळे भरून आळीपाळीने वापरणे हा सरळ उपाय आहे.

क्रमांकांच्या क्रमाची गल्लत याहून साधी, पण चिवट असते. ॲरेमध्ये रूढीने ओळ आधी येते, तर पडद्यावरील बिंदू सांगताना आडवे अंतर आधी येते. म्हणून आडवे स्थान स्तंभावरून आणि उभे स्थान ओळीवरून काढावे लागते. आठ बाय आठच्या पटावर ही अदलाबदल झाली तरी प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि चित्र फक्त तिरक्या अक्षाभोवती उलटते. आठ बाय दहाच्या पटावर तीच चूक लगेच सीमेबाहेरच्या क्रमांकाचा दोष दाखवते. त्यामुळे चाचणीसाठी असमान बाजूंचा पट निवडावा. स्मृतीतही सी आणि सी++ ओळीमागून ओळ मांडतात, तर फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ मांडते, आणि मोठ्या ॲरेवर लूपचा क्रम त्या मांडणीशी जुळला तर वेग वाढतो.

दुसरी मिती टाळून सर्व ऑब्जेक्ट एकाच सलग ॲरेत ठेवणेही शक्य असते. तेव्हा ओळीचा क्रमांक गुणिले स्तंभांची संख्या अधिक स्तंभाचा क्रमांक, या सूत्राने जागा सापडते. पट फार मोठा आणि बहुतांशी रिकामा असेल, तर ओळ आणि स्तंभ यांची जोडी किल्ली म्हणून वापरणारा मॅप किंवा डिक्शनरी अधिक सोयीची पडते, कारण तेथे जागा आणि ऑब्जेक्ट दोन्ही गरज पडेल तेव्हाच निर्माण होतात.