युरोपचा पैसा आणि कैरोची चौकट

प्रजनन आरोग्यासाठी युरोप गरीब देशांना देत असलेल्या मदतीवरून वाद झाला की दोन्ही बाजू १९९४ च्या कैरो परिषदेचाच, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या व विकास परिषदेचाच, आधार घेतात. १७९ देशांनी मान्य केलेल्या त्या आराखड्यातला परिच्छेद ८.२५ सांगतो की, कुटुंबनियोजनाची पद्धत म्हणून गर्भपाताचा पुरस्कार कधीही करू नये. पण जिथे तो कायद्याविरुद्ध नाही, तिथे तो सुरक्षित असावा. विरोधक पहिला भाग वाचतात, समर्थक दुसरा.

युरोपने हात सैल केला तो बराचसा अमेरिकेमुळे. १९८४ पासून तिथे सत्ता बदलली की गर्भपाताशी संबंधित परदेशी संस्थांचे अनुदान बंद किंवा सुरू होते. २००२ मध्ये अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्याविषयक संस्थेचे ३ कोटी ४० लाख डॉलर रोखले आणि त्याच उन्हाळ्यात ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, ३ कोटी २० लाख युरो जाहीर केले. पुढच्या वर्षी तर २००३ ते २००६ या काळासाठी ७ कोटी ३९.५ लाख युरोंची तरतूद करणारा स्वतंत्र कायदाच झाला. त्याच्या प्रास्ताविकात ८.२५ काटेकोरपणे पाळावा आणि नसबंदी किंवा गर्भपातासाठी प्रलोभने देऊ नयेत, असे स्पष्ट लिहिले आहे. 'युरोप गर्भपात विकतो' असा आरोप आजही होतो, तेव्हा हा मजकूर सोयीने विसरला जातो.

खरी कसोटी लागली २०१४ मध्ये. मानवी भ्रूण नष्ट होईल अशा कोणत्याही कामाला युरोपीय पैसा देऊ नये, अशी मागणी करणाऱ्या नागरिक-याचिकेवर १७ लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणीत संशोधन होते, तशी विकास-मदतही होती. एप्रिलमध्ये युरोपीय संसदेत सुनावणी झाली आणि २८ मे रोजी, उत्तर देण्याची मुदत संपत असतानाच, युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, कायद्याचा प्रस्ताव मांडायला नकार दिला. इतक्या सह्यांना केराची टोपली दाखवली, हा याचिकाकर्त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण आयोगाचा युक्तिवाद पोकळ नव्हता. मदत त्या त्या देशाच्या आरोग्ययोजनेतून जाते. ज्या दवाखान्यात बाळंतपण होते, तिथेच असुरक्षित गर्भपातानंतर रक्तस्राव होणारी बाई येते. तिच्यावरच्या उपचारांचा पैसा वेगळा काढायचा कसा? निधी तोडला असता तर मातामृत्यू कमी करण्याचे उद्दिष्टच मागे पडले असते. प्रकरण न्यायालयात गेले. २०१८ मध्ये आणि अपिलात डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाचा निर्णय कायम राहिला. याचिकेमुळे आयोगाला कारणे द्यावी लागतात, कायदा आणावाच लागत नाही, हे तेव्हा पक्के झाले.

दरम्यान २०१७ मध्ये अमेरिकेने बंदी आणखी व्यापक केली. एका डच मंत्रीबाईंनी निधी उभारण्याची हाक दिली आणि २ मार्चला ब्रुसेल्समध्ये १८ कोटी १० लाख युरोंची आश्वासने मिळाली. ही उदारता टिकली नाही. २०२१ मध्ये ब्रिटनने गर्भनिरोधक पुरवठ्याच्या जागतिक कार्यक्रमाला द्यायचे १५ कोटी ४० लाख पौंड २ कोटी ३० लाखांवर आणले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच देशाने एकूण मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यावर उतरवण्याचे ठरवले. नेदरलँड्सनेही कात्री चालवली.

त्याच वर्षी बेल्जियमच्या एका गोदामात अमेरिकी पैशातून घेतलेल्या सुमारे ९७ लाख डॉलरच्या गर्भनिरोधक कॉपर-टी, इम्प्लांट आणि गोळ्या पडून होत्या. बहुतेक माल आफ्रिकेसाठी होता आणि त्याची मुदतही संपलेली नव्हती. काही संस्था तो स्वखर्चाने न्यायला तयार होत्या, तरी अमेरिकेने तो जाळायचे ठरवले. बेल्जियमने राजनैतिक पातळीवर खटपट केली. २००२ मध्ये अमेरिकेची पोकळी काही महिन्यांत भरून काढणाऱ्या युरोपकडे या वेळी तेवढी तयारी नव्हती, हे फार वाईट झाले.

२०२१ ते २०२७ च्या युरोपीय विकासनिधीत किमान २० टक्के रक्कम सामाजिक समावेशन आणि मानवी विकासासाठी ठेवण्याचे बंधन आहे. प्रजनन आरोग्याचा पैसा त्याच वाट्यातून येतो. २०२८ नंतरच्या कायद्यातही हे बंधन लेखी राहिले पाहिजे.