वाइनसोबत पापलेटचं कालवण: मसाल्यात काय बदलायचं?

बाटली उघडल्यावर वाइनमध्ये काही बदलता येत नाही. पातेल्यात मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत बरंच काही बदलता येतं. म्हणून जोडी जमवायची तर सुरुवात स्वयंपाकघरातून करावी, आणि त्यातही मिरचीपासून.

तिखटपणा ही चव नाही, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीला चिकटतं. हा ग्राही मुळात भाजण्याची सूचना देण्यासाठी असतो आणि साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. झणझणीत रश्श्यावर १४ टक्क्यांची रेड वाइन घेतली की तोंडात आग पडते ती यामुळे. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, तेव्हा वाइनने तिखट धुऊन निघेल, असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पण वाइनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे धुऊन काहीच निघत नाही. फसफसणारी वाइनही इथे नको. तिचे बुडबुडे स्वतःच झोंबतात. ती भज्यांसाठी ठेवावी.

पापलेटच्या कालवणासाठी नाशिकची शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घ्या. किंचित गोडसर असेल तर उत्तम. लेबलवर अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आत असावं.

चौघांसाठी साधारण ६०० ग्रॅम पापलेटच्या तुकड्यांना एक चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद लावून १५ मिनिटं ठेवा. चार-पाच ब्याडगी मिरच्या चिरून बिया झटका आणि आतल्या पांढऱ्या शिरा खरवडून टाका. कॅप्सेसिन तयार होतं ते या शिरांमध्ये. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. रंग सालीत असल्यामुळे कालवण लालच दिसतं. मिरच्या गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून एक चमचा धने, पाच-सहा मिरे, चार लसूण पाकळ्या आणि मूठभर ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारख्या बारीक वाटा. तिरफळं एरवी कितीही छान लागली तरी आज नकोत. त्यांनी जीभ बधिर होते आणि मग कुठलीही वाइन सारखीच लागते.

एका नारळाचं एक वाटी दाट आणि दोन वाट्या पातळ दूध काढा. दोन मोठे चमचे तेलात वाटण मंद आचेवर तीन मिनिटं परता. करपलं तर कडवटपणा येतो आणि वाइन तो वाढवते. पातळ दूध घालून पाच मिनिटं उकळा, मग सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ घाला. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, द्राक्षातलंही तेच, त्यामुळे दोन्ही आंबटपणा एकाच जातीचे. पण कोळ बेताने घाला. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन पाणचट लागते. तुकडे सोडून पाच-सहा मिनिटं शिजवा, ढवळायचं नाही, पातेलं नुसतं हलवायचं. दाट दूध सगळ्यात शेवटी, आणि कडेला पहिला बुडबुडा दिसताच गॅस बंद. नारळाच्या दुधातली चरबी प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असते. जोराची उकळी आणि आंबट एकत्र आले की प्रथिनं आकसतात आणि दूध फाटतं. फाटलेलं कालवण खायला चालतं, पण तेल सुटून जिभेवर बसतं.

आता चाखून बघण्याचं काम, आणि हे टाळू नका. एक घोट, एक घास, पुन्हा एक घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कडू किंवा चरचरीत लागला तर कालवणात गोडवा किंवा टोमॅटोसारख्या पदार्थांतून येणारी उमामी चव वाढली आहे. चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब घाला; मीठ कडवटपणा दाबतं आणि आंबटामुळे वाइन मवाळ लागते. उलट वाइन सपक वाटली तर आणखी दोन-तीन चमचे दाट दूध घाला.

वाढण्याआधी दहा मिनिटं थांबा. वाफाळतं अन्न त्याच ग्राहीला चेतवतं, म्हणजे कमी मिरचीचं कालवणसुद्धा तिखट लागेल. वाइन मात्र ८ ते १० अंशांवर हवी: फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत २० मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण खड्यांमध्ये हवा राहते. सोबत साधा भात आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर. दह्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. लोणचं आणि ठेचा ताटात नकोत.

माशासोबत रेड टाळण्यामागे ठोस कारण आहे. वाइनमधलं फेरस लोह माशातल्या चरबीशी जुळून उग्र हिवस वास तयार करतं, असं २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. रेडच हवी असेल तर मटण सुकं करा, मिरची निम्मी आणि मिरे दुप्पट. मटणाची प्रथिनं आणि चरबी रेडमधल्या टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा कमी करतात. शिराझ या रेड वाइनमधला मिऱ्यासारखा वास रोटंडोन या संयुगाचा, आणि काळ्या मिरीतही तेच असतं. पण ही बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. आपल्याकडच्या ३२ अंशांच्या खोलीत रेडमधून अल्कोहोलचाच वास आधी येतो.

श्रीखंड असेल तर ते पेले रिकामे झाल्यावर. गोड खाल्ल्यावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नुसती आंबट लागते.