स्टेरॉइड चालू असताना ताप आला, तर गोळी बंद करू नका

पंचगंगेचा पूर ओसरला की आमच्या मेडिकलमध्ये तापाच्या चिठ्ठ्या वाढतात. त्या दिवसांत काउंटरवर एक वाक्य वरचेवर कानावर येतं, "ताप आलाय, अँटिबायोटिक सुरू केलंय, म्हणून ती सांधेदुखीची गोळी बंद ठेवलीय." ती गोळी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड असेल, तर हे जिवावर बेतू शकतं.

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम 4-5 ग्रॅम. तिच्यातून कॉर्टिसॉल हे हार्मोन तयार होतं. एरवी ते सकाळी भरपूर आणि मध्यरात्री अगदी कमी असतं. पण न्यूमोनिया झाला किंवा रक्तात जंतू पसरले, की मेंदूकडून सारखा निरोप येत राहतो आणि कॉर्टिसॉल रात्रंदिवस चढं राहतं. रक्तदाब आणि रक्तातली साखर त्याच्याच जोरावर टिकते.

स्टेरॉइडची गोळी कॉर्टिसॉलचंच काम करते. ती तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतली, की मेंदूचा हा निरोप थंडावतो आणि ग्रंथी आक्रसते. ऐन तापात गोळी सुटली तर शरीराकडे कॉर्टिसॉल उरतच नाही. उलट्या, पोटदुखी, प्रचंड गळाठा, बीपी उतरणं, ग्लानी. नुसत्या सलाईनने हे आवरत नाही.

म्हणून ताप चढताच डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी डोस बहुधा वाढवावा लागतो. किती, ते त्यांनाच ठरवू द्या. गोळी उलटून पडत असेल तर वाट बघू नका. कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा, हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन लागेल. दारातच सांगा, "पेशंटला स्टेरॉइड चालू आहे."

टीबीच्या पेशंटांनी जास्त जपावं. टीबी ही ग्रंथीच पोखरू शकतो. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली वर्णन केलेल्या काही रुग्णांत हेच दिसलं होतं. त्यात रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे कॉर्टिसॉल लवकर संपतं. अंग काळवंडणं, वजन उतरणं, सारखं मीठ खावंसं वाटणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणखी एक. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. कुणी घेत असेल तर पुडीच डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या चार दिवस पुरतील एवढ्या उरल्या, की चिठ्ठी घेऊन या. मध्ये खाडा पडू देऊ नका.